कॅडिलॅक चांगली की वाईट? आधी साल सांगा, मग बोलू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला आलात, शेजारचे ७८ वर्षांचे आजोबा त्यांची २००२ ची कॅडिलॅक डेविल विकतायत, ६१ हजार मैल झालेत, हिवाळ्यात गॅरेजमध्येच असते आणि किंमत साडेतीन हजार डॉलर सांगतायत. आजोबा म्हणतात अमेरिकेत याच्या तोडीची गाडी कधी बनली नाही. ऑफिसातले लोक म्हणतात हात पण लावू नको, म्हाताऱ्यांची गाडी आहे आणि इंजिन बसतं. मिसेसना त्यापेक्षा कॅडिलॅकचीच २००९ ची सीटीएस आवडलीय. आणि तुम्ही विचारताय की एकाच कंपनीबद्दल माणसं इतकी टोकाची कशी बोलतात, खरं कोण बोलतंय?

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये सहा वर्षं काढली, १९९८ ला इकडे डेट्रॉईटच्या बाजूला आलो, एका डीलरशिपमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन होतो आणि नंतर स्वतःचं गॅरेज टाकलं. कॅडिलॅक रोज हातात असते म्हटलं तरी चालेल. माझं म्हणणं असं की आजोबा पण खरं बोलतायत आणि तुमचे कलीग पण, फक्त दोघं वेगवेगळ्या सालांच्या गाड्यांबद्दल बोलतायत. आजोबांच्या डोक्यात त्यांच्या लहानपणीची कॅडिलॅक आहे, कलीगच्या डोक्यात त्याच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात घेतलेली असणार. गाडीचं नाव चांगलं व्हायला वेळ लागतो तसा खराब व्हायला पण लागतो, आणि लोकांच्या तोंडी जे असतं ते प्रत्यक्ष लोखंडापेक्षा दहा-पंधरा वर्षं मागचं असतं. म्हणून "कॅडिलॅक कशी आहे" या प्रश्नाला मी उत्तर देतच नाही, मी विचारतो कुठल्या सालची आणि बॉनेटखाली कुठलं इंजिन.

बाकी बरंच तुमच्यावर अवलंबून आहे हेही आधीच सांगतो. ही एकुलती एक गाडी असणार की दुसरी, रोज किती मैल, बिघडली तर एक आठवडा तिच्याशिवाय निघेल का, हाताशी थोडे पैसे राखून ठेवता येतील का. ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे शेवटी मी दोन्ही बाजूंनी सांगतो. पण आधी ही उलटसुलट कीर्ती आली कुठून ते सांगतो, कारण ते कळलं की गाडी तपासायची कशी तेही आपोआप कळतं.

सुरुवात एका मोडीत निघालेल्या कंपनीतून झाली. १९०२ साली हेन्री फोर्डचं त्याच्या भांडवलदारांशी पटेना म्हणून तो हेन्री फोर्ड कंपनी सोडून गेला, आणि मागे राहिलेल्यांनी कारखाना विकून टाकायचा म्हणून किंमत काढायला हेन्री लेलँड नावाच्या माणसाला बोलावलं. लेलँड तेव्हा साठीला आलेला, स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात, कोल्टच्या बंदुकांच्या कारखान्यात आणि ब्राउन अँड शार्प या मशीन टूलवाल्यांकडे तयार झालेला, म्हणजे मुळातून मापाचा माणूस. त्याच्याकडे स्वतःचं एक सिलिंडरचं इंजिन तयार होतं. ते त्याने आधी ओल्ड्समोबिल या गाड्यांच्या कंपनीला देऊ केलेलं, जुन्या इंजिनाच्या तिप्पट ताकदीचं होतं तरी त्यांनी नको म्हटलं, कारण ते बसवायचं तर गाड्या बाजारात यायला उशीर झाला असता. लेलँडने या भांडवलदारांना सांगितलं की कारखाना विकू नका, हे इंजिन घाला आणि गाड्या बनवा. १७०१ साली डेट्रॉईट वसवणाऱ्या अंत्वान द ला मॉथ कॅडिलॅक या फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव दिलं आणि कंपनी सुरू झाली.

आता १९०८ ची गोष्ट, आजोबांच्या अभिमानाचं मूळ तिथे आहे. त्या काळी गाडीचा पार्ट म्हणजे कानशीने घासून घासून बसवायची वस्तू. एका गाडीचा पिस्टन दुसरीत जायचा नाही, जसं आपल्याकडे जुन्या ऑईल इंजिनांचं होतं, प्रत्येक इंजिन आपल्या मिस्त्रीलाच ओळखायचं. कॅडिलॅकच्या लंडनच्या विक्रेत्याने तीन गाड्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेल्या, रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या लोकांनी तिन्ही पूर्ण खोलल्या, एकेकीचे ७२१ पार्ट, सगळे एकात एक मिसळून टाकले, वर ८९ पार्ट बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या दुकानातले नवे दिले. मग नुसते पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, कानस न वापरता, त्याच ढिगाऱ्यातून तीन गाड्या परत उभ्या केल्या आणि प्रत्येक ५०० मैल पळवली. तिन्ही पळाल्या. बॉडीचे पार्ट एकमेकींत मिसळल्यामुळे रंगसुद्धा तुकड्या-तुकड्यांचे झालेले. यासाठी त्यांना त्या क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली आणि "स्टँडर्ड ऑफ द वर्ल्ड" हे बिरूद त्यानंतर लागलं. मशीन शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हे वाचून अंगावर काटा येतो, कारण १९०८ साली ते माप सांभाळायचं म्हणजे ऑपरेटर, गेज, कटर, तपासणी सगळं एका शिस्तीत असल्याशिवाय होत नाही.

पुढची गोष्ट बरीच लोकांना माहिती असते म्हणून भरभर सांगतो. १९०९ ला जनरल मोटर्सने कंपनी घेतली. १९१२ च्या मॉडेलमध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर आला. त्याआधी हँडल मारून गाडी चालू करावी लागायची आणि हँडल उलटं फिरलं की हाताची हाडं मोडायची. स्टार्टर आल्यामुळे बायकांना, वयस्कर लोकांना कुणाच्या मदतीशिवाय गाडी नेता यायला लागली, म्हणजे शोध तांत्रिक होता तरी परिणाम घराघरात झाला. त्यासाठी दुसरी ड्यूअर ट्रॉफी. १९१५ च्या मॉडेलला मोठ्या संख्येने बनणारं व्ही-८ इंजिन, १९३० ला सोळा सिलिंडरचं व्ही-१६. लेलँड स्वतः मात्र १९१७ मध्ये बाहेर पडला आणि त्याने लिंकन काढली, म्हणजे अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या लक्झरी ब्रँडचा बाप हा एकच माणूस.

एक गोष्ट मात्र इथे फारशी कुणी सांगत नाही आणि मला ती महत्त्वाची वाटते. तिशीच्या मंदीत कॅडिलॅक बंद करायची की काय इथपर्यंत वेळ आलेली. तेव्हा कंपनीचं धोरण होतं की काळ्या ग्राहकांना गाडी विकायची नाही, कारण गोऱ्यांमधली प्रतिष्ठा जाईल. निकोलस ड्रायस्टाट नावाचा जर्मनीहून आलेला सर्व्हिस विभागाचा प्रमुख होता, त्याने देशभरातल्या वर्कशॉपमध्ये फिरताना बघितलं की सर्व्हिसिंगला येणाऱ्यांमध्ये काळे डॉक्टर, वकील, मुष्टियोद्धे, गायक बरेच आहेत, आणि ते एखाद्या गोऱ्या माणसाला वर पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घेतात. कारण त्यांना चांगल्या वस्तीत घर मिळत नव्हतं, चांगल्या हॉटेलात जागा मिळत नव्हती, स्वतःच्या कमाईची एकच खूण विकत घेता येत होती ती म्हणजे ही गाडी. ड्रायस्टाटने वरिष्ठांच्या बैठकीत जाऊन सांगितलं की यांना सरळ विका. धोरण बदललं, विक्री सावरली, आणि १९३४ मध्ये तो कॅडिलॅकचा प्रमुख झाला. तुमच्या शेजारचे आजोबा कुठल्या समाजाचे ते तुम्ही लिहिलं नाही, पण डेट्रॉईटमधली माझी कितीतरी काळी गिऱ्हाइकं अशी आहेत की आजोबांपासून घरात कॅडिलॅकच, आणि त्यांच्या त्या निष्ठेत हा सगळा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस वर्षं म्हणजे भरभराटीचा काळ. १९४८ ला हार्ली अर्लच्या डिझाइन विभागाने पी-३८ लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले फिन, म्हणजे मागच्या टोकाला पंखासारखे उभे पत्रे, दिले, १९४९ ला नवीन ओव्हरहेड व्हाल्व्ह व्ही-८ आलं, १६० हॉर्सपॉवरचं. १९५० ला ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतवाल्याने दोन कॅडिलॅक फ्रान्समधल्या ल मॉं च्या चोवीस तासांच्या शर्यतीला नेल्या, त्यातली एक जवळजवळ शोरूममधली होती, आणि त्या दहाव्या-अकराव्या आल्या. १९५९ चे सगळ्यात उंच फिन तर फोटोत बघितलेच असतील. फिन लोकांच्या लक्षात राहिले, माझ्या लेखी त्या काळचं खरं मोठेपण इंजिन आणि हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये होतं, इतकं की युद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांमध्ये कॅडिलॅकची व्ही-८ इंजिनं आणि तोच गिअरबॉक्स जोडी-जोडीने घातलेला. तुमच्या शेजाऱ्यांनी लहानपणी हेच बघितलं. त्या वयात मनात बसलेली गाडी सहजासहजी उतरत नाही.

मग घसरली कुठे? लोक म्हणतात जर्मन आले, जपानी आले. आले ना, पण १९७८ साली कॅडिलॅकने साडेतीन लाखाच्या आसपास गाड्या विकल्या होत्या, विक्रम होता तो. ग्राहक जागेवर होता, त्याला आपल्या हाताने घालवला. तेलाचा तुटवडा झाला, १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज वाढवायची सक्ती आली, १९७८ ला १८ मैल प्रति गॅलन आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस. ८.२ लिटरची इंजिनं बनवणाऱ्यांना हे सात वर्षांत गाठायचं होतं. आणि मग एकामागून एक अशा वस्तू बाजारात गेल्या ज्यांची कल्पना चुकीची नव्हती पण ज्या अजून तयार नव्हत्या.

पहिलं डिझेल. तोवर जनरल मोटर्सच्याच झालेल्या ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं इंजिन, १९७८ पासून कॅडिलॅकमध्ये पण. डिझेलला कॉम्प्रेशन पेट्रोलच्या अडीच-पावणेतीनपट, पण हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, धरून ठेवणारे बोल्ट पेट्रोल इंजिनाच्याच मांडणीचे, आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरच दिला नाही. पाणी गेलं की इंजेक्शन पंप गंजणार, बोल्ट ताणले की गॅस्केट जाणार. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीने पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

दुसरं १९८१ चं व्ही८-६-४. हायवेवर सपाट चालताना आठ सिलिंडरची गरज नसते, म्हणून दोन किंवा चार बंद करायचे आणि इंधन वाचवायचं. कल्पना अगदी बरोबर आहे, आज कितीतरी मोठ्या पेट्रोल इंजिनांत हेच करतात. पण १९८१ चा कॉम्प्युटर ते वेळेत ठरवू शकत नव्हता, गाडी आचके द्यायची, ग्राहक वैतागून डीलरकडे यायचा आणि मेकॅनिक सरळ त्या सिस्टीमची वायर काढून ठेवायचा. मग ते इंजिन कायम आठ सिलिंडरवर चालायचं आणि अगदी उत्तम चालायचं, कारण खालचं इंजिन जुनं आणि दणकट होतं. लिमोझिन सोडल्या तर एका वर्षात ही सिस्टीम बंद.

तिसरं एचटी-४१००, माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान यानेच केलं. ४.१ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि त्यावर बिडाची हेड. दोन धातू वेगवेगळे फुगतात, त्यामुळे इनटेकचं गॅस्केट घासत राहतं, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, झिरपून ऑईलमध्ये जातो आणि बेअरिंग संपतात. हे इंजिन खरं म्हणजे पुढच्या छोट्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी होतं, घाईघाईने आधीच ओढून १९८२ च्या अवजड गाड्यांत घातलं, जेमतेम सव्वाशे हॉर्सपॉवर. आता यातली दुःखाची गोष्ट ऐका. तेच इंजिन सुधारत सुधारत १९८८ ला ४.५ आणि १९९१ ला ४.९ लिटरचं झालं आणि ४.९ इतकं भरवशाचं निघालं की माझ्याकडे त्या गाड्या अडीच लाख मैल झालेल्या यायच्या. म्हणजे माणसं हुशार होती, हात कुशल होते, त्यांना फक्त वेळ दिला नाही. लेलँडचं इंजिन ओल्ड्सने ज्या कारणासाठी नाकारलेलं ना, उशीर नको, तीच घाई ऐंशी वर्षांनी त्याच्याच कंपनीत येऊन बसली.

सिमरॉन तर सगळ्यांनाच माहिती असते. १९८२ ला शेवरोले कॅव्हेलियर या साध्या छोट्या गाडीवरच लेदर आणि थोडं क्रोम चढवून कॅडिलॅक म्हणून बारा हजार डॉलरच्या आसपास विकली, चार सिलिंडर, १.८ लिटर, ८८ हॉर्सपॉवर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तरी मी सांगेन की सिमरॉन चेष्टेचा विषय झाली आणि नाव त्यामुळे गेलं असं लोक म्हणतात ते पूर्ण बरोबर नाही. सिमरॉन ज्याने घेतली नाही त्याने नुसती ऐकली. एचटी-४१०० मात्र डेविल, फ्लीटवूड, एल्डोराडो, सेव्हिल सगळ्यांत होतं, म्हणजे जो आयुष्यभराचा निष्ठावान ग्राहक होता त्याच्याच दारात ते इंजिन बसलं. पुढे १९८६ ला एल्डोराडो आणि सेव्हिल इतक्या छोट्या केल्या की निम्म्या किमतीच्या गाड्यांसारख्या दिसायला लागल्या आणि विक्री कोसळली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं. १९९० ला कॅडिलॅकला गुणवत्तेचा सरकारी बॉल्ड्रिज पुरस्कार मिळाला, म्हणजे आत सुधारणा सुरू झालेली, पण त्याच सुमारास लेक्ससची एलएस ४०० आली होती आणि तोंड पोळलेले लोक तिकडे वळलेले.

आता तुमच्या गाडीवर येतो. २००२ च्या डेविलमध्ये नॉर्थस्टार इंजिन आहे, ४.६ लिटर, ३२ व्हाल्व्ह, पूर्ण ॲल्युमिनियम, १९९३ च्या मॉडेलांपासून सुरू झालं. चालवायला फार गोड इंजिन, मी आजही म्हणतो. कूलंट सगळा गेला तरी आळीपाळीने सिलिंडर बंद करून हवेवर थंड ठेवत घरापर्यंत आणण्याची सोय त्यात होती. दोष एकच पण मुळावर येणारा. हेडचे दहा-दहा बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बसतात आणि त्या ॲल्युमिनियमचे आटे वर्षानुवर्षं तापून-निवून, जुन्या कूलंटमध्ये खराब होऊन सुटतात. बोल्ट बाहेर काढताना आट्यांची पावडरच बोल्टला चिकटून येते. नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही, वीसच्या वीस भोकं ड्रिल करून, टॅप करून त्यात स्टीलचे बुश किंवा स्टड बसवावे लागतात, आणि त्यासाठी इंजिन, गिअरबॉक्स आणि ते ज्या चौकटीवर बसतात ती क्रेडल, सगळं खालून उतरवावं लागतं. माझी लिफ्ट आठवडाभर अडकते.

मी डीलरशिपमध्ये होतो तेव्हाचा एक गिऱ्हाईक मला अजून आठवतो. ३४ वर्षं असेंब्ली लाइनवर काम केलेला माणूस, रिटायर झाल्यावर आयुष्यातली पहिली कॅडिलॅक घेतली, वॉरंटी संपल्यावर चार महिन्यांनी आटे सुटले. आमच्या मॅनेजरने त्याला सांगितलं की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा आहे. तो काही बोलला नाही, डॅशबोर्डवर हात फिरवला, ग्लोव्ह बॉक्समधले कागद घेतले आणि गेला. मला तेव्हा बुश बसवता येत होते, मी उद्यमनगरात हेच केलेलं, पण तिथे ते करायची परवानगी नव्हती. स्वतःचं गॅरेज काढायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं.

तरी सगळे नॉर्थस्टार जातात असं नाही. माझ्याकडे आलेल्या गाड्यांवरून सांगतो, १९९३ ते ९९ च्या जास्त, २००० ते २००३ च्या कमी पण येतात, २००४ नंतरच्या क्वचित. आणि गाडी तापली म्हणजे हेड गॅस्केटच असंही नाही. यात वॉटर पंप इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो आणि कॅमशाफ्टवरून छोट्या बेल्टने फिरतो, त्याचा टेन्शनर सैल झाला तरी गाडी तापते. हवा काढून टाकणारी एक बारीक नळी कूलंटच्या टाकीत येते, ती तुंबली तरी तापते. ही दोन्ही कामं स्वस्त आहेत आणि यांच्यामुळे चांगली इंजिनं लोकांनी भंगारात दिलेली मी बघितलीत.

यानंतरची कथा थोडक्यात. १९९८ ला लिंकनने नेव्हिगेटर या मोठ्या एसयूव्हीच्या जोरावर कॅडिलॅकला विक्रीत मागे टाकलं, आणि पहिला नंबर जाऊ नये म्हणून कॅडिलॅककडून स्वतःच्या एस्कलेड या एसयूव्हीच्या डिसेंबरच्या विक्रीचे आकडे फुगवले गेले, पुढच्या मे महिन्यात माफी मागून दुरुस्त करावे लागले. पण त्याच एस्कलेडने, विशेषतः २००२ च्या दुसऱ्या पिढीने, नाव परत वर आणलं. हिप-हॉपवाल्या गायकांनी, खेळाडूंनी ती उचलली, कंपनीने ठरवून केलेलं नव्हतं ते, पुन्हा एकदा काळ्या तरुणांनी या नावाला हात दिला. दुसऱ्या बाजूला २००३ ची सीटीएस, धारदार रेषांची, आणि तिची जास्त ताकदीची 'व्ही' आवृत्ती आधी ४०० आणि मग ५५६ हॉर्सपॉवरची. २००८ मध्ये तिने जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकची फेरी आठ मिनिटांच्या आत पुरी केली, तेव्हा जर्मन गाड्यांवर वाढलेले लोक पहिल्यांदा गंभीरपणे बघायला लागले. नंतर मुख्यालय न्यूयॉर्कला नेलं आणि २०१९ ला परत मिशिगनला आणलं, त्याने गाडीत काही फरक पडला नाही. २०१७ पासून काही वर्षं चीनमध्ये अमेरिकेपेक्षा जास्त कॅडिलॅक विकल्या गेल्या, तिथल्या तरुणाच्या डोक्यात म्हाताऱ्यांची गाडी हे चित्रच नाही, कारण त्याने ते ऐंशीचं दशक बघितलंच नाही. आता लिरिकसारख्या इलेक्ट्रिक आहेत, २०२६ ला फॉर्म्युला वनमध्ये टीम आहे. आणि त्याच वेळी एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटरच्या व्ही-८ चा रिकॉल आला, अमेरिकेतच सुमारे सहा लाख गाड्या, एस्कलेड धरून, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा प्रश्न. म्हणजे आजही साल आणि इंजिन विचारूनच बोलावं लागतं.

मिसेसच्या २००९ च्या सीटीएसबद्दल. तिच्यात ३.६ लिटरचं व्ही-६ आहे. गाडी चालवायला डेविलपेक्षा कितीतरी ताजी, स्टिअरिंग छान. पण त्या वर्षांच्या ३.६ च्या टायमिंग चेन ताणतात, मुख्यतः ऑईल फार उशिरा बदललं तर. कंपनीने नंतर ऑईल कधी बदलायचं ते दाखवणारं सॉफ्टवेअर बदलून मुदत कमी केली. सकाळी थंड इंजिन चालू करताना समोरून खळखळ आवाज आला, किंवा स्कॅनरला पी०००८, पी००१६ पासून पी००१९ पर्यंतचा कोड दिसला, तर सोडून द्या. ऑईलच्या पावत्या पाच-सहा हजार मैलांच्या अंतराने असतील तर ती रोजच्या वापराला डेविलपेक्षा बरी, एकच गाडी घ्यायची असेल तर मी तिच्याकडेच झुकेन.

दुसरी गाडी म्हणून हवी असेल आणि साधारण गाडीच्या किमतीएवढेच पैसे बाजूला ठेवता येत असतील तर आजोबांची डेविल बघायला जा, पण अशी बघा. आदल्या रात्री त्यांना फोन करून सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून पातळी आणि रंग बघा. नारिंगी स्वच्छ हवा, तपकिरी गाळ नको. कूलंट शेवटचा कधी बदलला ते विचारा. पुस्तकात पाच वर्षं लिहिलंय, मी या इंजिनाला तीनच्या पुढे जाऊ देत नाही. मग चालू करून त्या बारीक नळीतून टाकीत धार पडतेय का बघा. खाली वाकून ब्रेकच्या पाइपलाइन बघा, मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने त्या कुजतात, गॅरेजमध्ये उभी असली तरी रस्त्यावर मीठ लागलेलंच असतं. मागचा भाग बसलेला दिसला तर मागचे एअर शॉक गेलेत, ते महाग आहेत. चालताना मध्येच बंद पडायची का हेही विचारा, २००० ते २००३ मध्ये क्रँकचे सेन्सर जायचे, ते स्वस्तात बदलता येतात, त्यासाठी गाडी सोडायचं कारण नाही.

मग वीस मिनिटं हायवेवर न्या, एक-दोनदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आजोबांनी ती चर्च आणि किराण्यापुरती हळूहळू चालवली असणार, त्यामुळे कार्बन साठलेला असतो, सुरुवातीला थोडा धूर निघाला तर घाबरू नका. तापमानाचा काटा मात्र मध्यावरून हलता कामा नये. परत येऊन जवळच्या कुठल्याही स्वतंत्र गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट करून घ्या, कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रवाची नळी धरतात, फार खर्च येत नाही. आजोबांना सोबत न्या, त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. द्रव पिवळा झाला तर जळलेला वायू कूलंटमध्ये जातोय, म्हणजे आटे सुटायला लागलेत, हात जोडून नाही म्हणा. निळाच राहिला तर साडेतीन हजाराला घासाघीस न करता घ्या, आणि कूलंट त्याच आठवड्यात बदला.